आत्याच्या नावाचं पेज

राजपुरा, बुरहानपूर
१२ जानेवारी २०२५

आत्या, पाया पडते.

परवा फोन लावला तर तुमच्या कानाचं मशीन शिट्टी मारायला लागलं आणि तुम्ही "काही समजत नाही ग" म्हणून ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. आपल्या गल्लीतला निरंजन रोज सकाळच्या गाडीने नेपानगरला अप-डाउन करतो, त्याच्या हाती देते. उत्तर त्याच्याच हाती द्या, संध्याकाळी मला मिळून जाईल.

नेहाताईंची तब्येत कशी आहे? बाळाचं वजन वाढलं का? तुम्ही दिवाळीत त्यांच्या बाळंतपणाला गेलात तेव्हापासून घरात आवाजच नाही. बाबा दोन वेळा बोलले की ताई नाही तर चहालाही चव नाही.

आता कामाचं. यांनी आपल्या ज्वारीच्या बिबड्यांचं मोबाईलवर पेज काढायचं मनावर घेतलंय. इंदूरच्या एका दुकानदाराने यांना सांगितलं की पापड-बिबड्यांचा माल सगळ्यांचा सारखाच असतो, मागे एखादी आत्या-मावशी असली की तो खपतो. पेजला एक पत्ता लागतो, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. तोच पाकिटावर, तोच बोर्डावर. म्हणून तो एकदाच नीट ठरवायचा. यांच्या डोक्यात आधी "तापी फूड्स" होतं, मग "राजपुरा बिबडे". मी म्हटलं, बावीस वर्षं बिबडे कुणी केले? लोक दारात येऊन काय विचारतात? "मालतीआत्या आहेत का?" हेच ना? यांना ते एकदम पटलं.

पण तो पत्ता टाकला की मोबाईल सांगतो, आधीच कुणीतरी घेतलाय. कोण असेल? तुमच्या नावावर दुसरं कोण दुकान मांडून बसलंय, याचं यांना फार टेन्शन आलंय. तुम्हाला काही माहीत आहे का?

तुमची,
भूमिका

*

नेपानगर
१४ जानेवारी

भूमिका, सुखी राहा.

संक्रांतीच्या दिवशी तुझं पत्र आलं, तिळगुळापेक्षा गोड लागलं. निरंजनला दारातच बसवून चहा पाजला आणि पत्र तीनदा वाचलं. बाळ छान आहे, वजन चार किलो झालं. नेहाचे टाके सुकलेत, आता घरभर फिरते आणि मला कामं सांगते.

जितूला म्हणावं, चोर सापडला, आणि तो घरचाच आहे. दोन वर्षांपूर्वी नेहा सुट्टीला आली होती, तेव्हा तिने गच्चीवर माझे बिबडे थापतानाचे फोटो काढले आणि ते पेज केलं. नंबर माझा दिला होता, हाच बटणांचा फोन. अकरा जणांनी पाहिलं. पुढे पासवर्ड तीही विसरली आणि मीही. तेव्हा ते पेज तसंच पडून असणार.

तुम्हा मुलांना माझं नाव लावावंसं वाटलं, याचा मला किती आनंद झाला ते पत्रात लिहून दाखवता येणार नाही. मिलमधला नवरा गेला, क्वार्टर सोडावं लागलं, चार वर्षांची नेहा कडेवर घेऊन मी माहेरी आले, तेव्हा मला नाव नव्हतंच. रामदासची विधवा बहीण, एवढंच. ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्यात हात घातला आणि त्यातून मी मालतीआत्या झाले. म्हणून सांगते, पत्ता तोच घ्या.

शिवरात्रीनंतर ऊन तापलं की येतेच. ज्वारी चांगली पाहून घेऊन ठेवा, टपोरी. माडीवरच्या माझ्या खोलीत उंदीर झाले नाहीत ना?

आत्या

*

राजपुरा
१६ जानेवारी

आत्या,

तुम्ही तर सगळं टेन्शनच मिटवलं. हे म्हणाले, मग सोपं आहे. इथून हे खटपट करतील आणि तुमच्या फोनवर सहा आकड्यांचा नंबर येईल. तो आम्हाला कळवायचा, की पेज उघडलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून नेहाताईंना सांगा, त्या कळवतील. उद्या सकाळी अकरा वाजता पाठवतो.

घाईत,
भूमिका

*

नेपानगर
१७ जानेवारी

भूमिका,

बरोबर अकराला नंबर आला. ४, ०, ९, ९, २, ७. चष्मा पुसून दोनदा ताडून पाहिला आहे. नेहाला सांगितलं नाही, तिला तिच्या पेजचं उगाच वाईट वाटेल, आणि तिला नंतर सांगून चकित करायचं माझ्या मनात आहे. कागद पाकिटात घालून गोंदाने चिकटवते आहे, निरंजनने वाटेत वाचू नये म्हणून.

आत्या

*

राजपुरा
१७ जानेवारी, संध्याकाळ

आत्या, रागावू नका, पण तुमचं पत्र वाचून हे इतके हसले की बाबा बाहेरून विचारायला आले. तो नंबर दहा मिनिटांतच मरतो हो. तो कागदावर लिहून गाडीने पाठवायचा नसतो.

रविवारी हे स्वतःच येतायत तुमच्याकडे. नेहाताईंना सांगितलं नाहीत ते बरं केलंत. आत्ता सांगूही नका, पेज तयार झालं की सगळ्यांनाच दाखवू.

भूमिका

*

नेपानगर
२२ जानेवारी

भूमिका, सुखी राहा.

जितू येऊन गेला, ते तुला कळलंच असेल. नेहा बाळाला टोचून आणायला गेली होती. जेवला, दोन वाट्या घाटा मागून खाल्ला. मी त्याच्यासाठी मुद्दाम केला होता, वरून कच्चं तेल घालून, त्याला लहानपणी आवडायचा तसा. मग म्हणाला, "आत्या, बस दोन मिनिटांचं काम आहे, टेन्शन नको घेऊ." आकडे आले, मी वाचले, त्याने दाबले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मोबाईल माझ्याकडे फिरवून म्हणाला, "देख, तुझं नाव." मला इंग्रजी भरभर येत नाही, पण मालती एवढं ओळखलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. निघताना त्याने माझ्या मांडीवर साडी ठेवली, वर खणही. पाया पडला.

नेहा आली आणि तिने आकाशपाताळ एक केलं. "आई, नंबर कुणाचा होता? तुझा. आता कुणाचा आहे? त्याने बदललाय. तू आपलं होतं ते देऊन टाकलंस." मी तिला गप्प केलं. म्हटलं, माझ्या भावाच्या मुलाने माझं नाव लावलं, त्यात देणं-घेणं कसलं?

पण तुला म्हणून सांगते. साडीची घडी कपाटात ठेवताना मला तहसील आठवली. तुझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. घराच्या हक्कसोडीवर सही केली, त्या दिवशीही रामदासने मला बाहेर साडी-चोळी घेतली होती. "ताई, कागदाचं काय एवढं, घर तुझंच आहे." माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. आमच्याकडे सगळ्यांनीच केली, मीही केली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. परवा पहिल्यांदा थोडं वाटलं. साडीचा रंग छान आहे. तू निवडलीस का?

मी शिवरात्र झाली की येते. कळव.

आत्या

*

राजपुरा
२४ फेब्रुवारी

आत्या, पाया पडते.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. पेजच्या गडबडीत महिना कसा गेला ते समजलंच नाही. दोन हजार लोकांनी पाहिलंय. खाटेवर वाकून बिबडे थापतानाचा तुमचा फोटो सगळ्यात वर आहे, नेहाताईंनीच काढलेला. खाली मी तुमची गोष्ट लिहिली आहे, मिलचं, क्वार्टरचं, सगळं. लोक वाचून हात जोडल्याची चित्रं पाठवतात.

आता यंदाचं. हे म्हणतात, बाळ लहान आहे, आत्यांनी नेहाताईंकडेच राहावं, आराम करावा. आयुष्यभर राबल्या. इथे सहा बायका कामाला लावल्यात, तुमच्या हाताखाली दळायला यायची ती मालूबाई त्यांच्यावर नजर ठेवते. माडीवरच्या खोलीत पाकिटं बंद करायचं मशीन बसवलंय, कारण खाली ओल येते. तुमची पेटी तिथे अडचणीची होत होती, ती निरंजनच्या हाती पाठवते आहे. सगळं जसंच्या तसं आहे, मी स्वतः बांधली.

साडी मी निवडली होती.

भूमिका

*

नेपानगर
१८ मार्च

भूमिका,

पेटी पोचली. निरंजनला ती गाडीतून उतरवताना पाहिलं आणि मला समजलं की मी आता राजपुऱ्याला पाहुणी म्हणून जायचं. तुझ्या पत्रातून समजलं नव्हतं, तू इतकं गोड लिहितेस.

रिकामी बसले तर मी आजारी पडेन. शेजारच्या सिंधूची गच्ची मोठी आहे. ती आणि मी मिळून वीस किलोचे बिबडे घातले. क्वार्टरमधल्या बायकांनी हातोहात नेले. नेहा म्हणाली, आपणही छोटं पेज करू, नेपानगरपुरतं. तिने माझं नाव टाकलं. मोबाईल म्हणाला, मिळणार नाही. मागे नेपानगर जोडून पाहिलं, तर जितूकडून लगेच तक्रार गेली आणि तेही बंद झालं. नेहाने एक एक अक्षर बदलून बघितलं. मी बाजूला बसून पाहत होते. साठ वर्षं मी ज्या नावाला "ओ" दिली ते कुठेच लागेना.

मी भांडायला लिहीत नाही. जितूला सांग, मोठं पेज तुमचं, ते तुमच्याकडेच ठेवा. फक्त माझ्या छोट्या पेजला हरकत घेऊ नका. पाच-पंचवीस घरांचा तर प्रश्न आहे. नाव माझंच आहे ना ग?

उत्तर कर. निरंजन रोज येतो.

आत्या

*

नेपानगर
९ एप्रिल

भूमिका,

तीन आठवडे निरंजन माझी नजर चुकवून जातो. काल मीच त्याला स्टेशनवर गाठलं. म्हणाला, भाभीने काही दिलं नाही. ठीक आहे, आज मी तुला सांगते इथे काय झालं ते.

मिलच्या कॉलनीतली शारदा माझ्याकडून चार पाकिटं घेऊन गेली होती. सोमवारी चारही परत घेऊन आली. बाई सज्जन आहे, तिला बोलताना जड जात होतं. "काकू, बुरा नका मानू. मला जावेकडे पुण्याला पाठवायचे होते, अस्सल पाहिजेत." मी म्हटलं, अग अस्सलच आहेत, मीच मालती. ती म्हणाली, "हो काकू, नाव असेल तुमचं. पण ते पेजवर लिहिलंय ना." आणि तिने मला मोबाईल दाखवला.

वर माझा फोटो. माझे हात, माझी खाट, माझं डोकं खाली. आणि त्याच्याखाली लिहिलेलं नेहाने मला वाचून दाखवलं, ते मी तुला उतरवून पाठवते: "सावधान. मालतीआत्याचे अस्सल बिबडे फक्त राजपुरा, बुरहानपूर येथेच मिळतात. नेपानगरमध्ये आमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बनावट मालाशी आमचा काहीही संबंध नाही."

मी शारदाला म्हटलं, हा फोटो बघ आणि मला बघ. तिने दोन्ही पाहिलं. फोटोत चेहरा दिसत नाही, म्हणाली. ते खरं आहे. मी काम करताना कधी वर पाहत नव्हते.

नवरा गेला तेव्हा मी रडले होते. हक्कसोडीला हसले होते. या वेळी दोन्ही जमलं नाही. मला राग आला आहे, भूमिका, आणि तो जात नाही. जितू लहान असताना त्याला गोवर निघाला तेव्हा तीन रात्री मी बसले होते. तो मला बनावट म्हणतो. रामदास त्याच घरात बसून हे ऐकतो. तू तर वाचणारी-लिहिणारी मुलगी, तुला हे कसं चाललं?

मी बिबडे घालणं थांबवलं आहे. सिंधूला सांगितलं, खांदा दुखतो.

मालती

*

राजपुरा
२४ एप्रिल

आत्या,

हे पत्र यांना माहीत नाही. निरंजनलाही शपथ घातली आहे.

ते "सावधान" मी लिहिलं. यांचं शिक्षण हिंदीत झालं, यांना मराठी लिहायला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. हे बोलले आणि मी लिहिलं. बनावट हा शब्द मी घातला, यांनी "नकली" म्हटलं होतं. मला वाटलं बनावट जरा बरा दिसेल. लिहिताना मला समजत होतं की हे तुमच्याविषयी आहे. तुमची दोन पत्रं माझ्या उशीखाली होती. माझ्यात हिंमत नाही, आत्या. मला या घरात राहायचंय. तुम्ही इथे बावीस वर्षं घालवलीत आणि तुमची पेटी एका सकाळीत बाहेर गेली, ती मीच बांधली. मग माझं काय होईल, हे मला पेटी बांधतानाच कळलं.

आता मुख्य गोष्ट. बिबडे बिघडलेत. यंदाचा सगळा माल. तळले की लाल होतात, काही कडू लागतात, उरलेले पाकिटातच तुकडे होतात. मालूबाई म्हणते, ज्वारी खराब. हे म्हणतात, बायका खराब. मला माहीत आहे, आम्हाला येत नाही. तुम्ही कधी मापाने काही केलंच नाही, हातानेच सगळं. आणि आम्हीही कधी बघितलं नाही.

पेजवर लोक वाट्टेल ते लिहितात. आम्हाला नाही, तुम्हाला. "आत्याचा हात बिघडला." "आत्या पैशाच्या मागे लागली." एकीने लिहिलं, "आत्या, तुमची गोष्ट वाचून घेतले, तुम्ही फसवलंत." मी ते पुसते, पुन्हा येतात. मला तुम्हाला तोंड दाखवायला जागा नाही, तरी विचारते. ज्वारी किती दिवस भिजवायची? कडूपणा कशाने येतो? सांगणार नाही असं तुम्ही म्हणालात तरी मी समजेन.

भूमिका

*

नेपानगर
५ मे

भूमिका,

तुझं पत्र वाचून नेहा म्हणाली, चुलीत घाल. मी दोन दिवस तेच करणार होते. तुम्ही खणलेल्या खड्ड्यात तुम्हीच बसा, असं मनात शंभर वेळा म्हणून घेतलं, आणि म्हणताना बरंही वाटलं. मग तिसऱ्या दिवशी शारदा आली. तिने राजपुऱ्याहून मागवलेली पाकिटं पुण्याला गेली होती. जावेने फोनवर तिला काय ऐकवलं ते तिने मला सांगितलं. "मालतीआत्या म्हणजे कोण ग ती चोरटी बाई?" असं म्हणाली जाऊ. शारदा मलाच सांगत होती, मला कोण समजून ते देव जाणे.

तेव्हा आता लिहून घे.

ज्वारी तीन दिवस पाण्यात. रोज पाणी बदलायचं, सकाळ-संध्याकाळ. तुम्ही बदललं नाही, म्हणून कडू. नवी ज्वारी असेल तर अडीच दिवसांत होते. नखाने दाबून दुधासारखं निघालं की पुरे, त्याच्यापुढे एक तासही नको. दळताना अगदी बारीक करू नका, बारीक केलं की वाळल्यावर तुकडे होतात. घाटा शिजताना पळी सोडायची नाही. बोलत उभ्या राहणाऱ्या बाईला पळी देऊ नका. मीठ शेवटी, आणि वाटतं त्याच्या अर्ध्याने घाला, कारण वाळल्यावर ते वाढतं. लसूण यंदाचा घेतलात का साठवणीचा? यंदाचा पाणी सोडतो, त्याने लाल होतात. तीळ भाजायचे नाहीत. कपडा ओला करून घट्ट पिळून खाटेवर ताणायचा. सकाळी आठच्या आत थापून झालं पाहिजे. दुपारच्या उन्हात थापलेला बिबडा कडेने वाळतो आणि मधे ओला राहतो, तो पुढे पाकिटात मोडतो. दोन उन्हं पूर्ण, तिसरं अर्धं. बिघडलेला माल परत मागवा आणि गुरांना घाला, विकू नका.

मालूबाईला हे दोनदा वाचून दाखव. तिला अर्धंच ऐकायची सवय आहे.

यात माझं काही राहिलेलं नाही, सगळं लिहिलं आहे. मापं पहिल्यांदाच कागदावर उतरवली, त्यासाठी सिंधूच्या घरी जाऊन पुन्हा एकदा एक किलो करून पाहिले. हे मी तुझ्यासाठी केलं नाही. रामदाससाठी नाही, जितूसाठी तर नाहीच. तुला माफही केलेलं नाही, तसा अर्थ काढू नकोस. तुम्ही वाईट केलंत तर शिवी मला पडते आणि चांगलं केलंत तर नाव तुमचं होतं. मी जिवंत आहे तोवर मला तुमच्यासाठी चांगलंच मागावं लागणार, अशी तुम्ही माझी सोय केली आहे.

यापुढे काही अडलं तर विचार, मी उत्तर देईन. देणं भाग आहे. पण ख्यालीखुशाली विचारू नकोस, बाळाचं विचारू नकोस आणि वर पाया पडते असं लिहू नकोस. नुसतं बिबड्यांचं लिही.

पावसाळ्यात पाकिटात ओल धरते. तुरटीच्या पाण्याने पुसलेले डबे वापरा.